कोकणातलं कॉलेज सगळ्यांचं कसं होईल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या कॉलेजांत मी २७ वर्षं शिकवलं. त्यातली नऊ वर्षं अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं काम पाहिलं. निवृत्त झाल्यावरही विद्यार्थी, पालक, ऑफिसातले लिपिक आणि नव्याने लागलेले प्राध्यापक फोनवर, व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न विचारत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. नियम सांगताना मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं डोळ्यांसमोर आहेत. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ यांचे कायदे वेगळे आहेत. तिथल्या मंडळींनी प्रश्न २ ते ४ सोडून बाकीचं वापरावं.

१. सर्वसमावेशकता म्हणजे आरक्षणच ना? आमच्याकडे तर जागाच भरत नाहीत, मग प्रश्न येतोच कुठे?

आरक्षण मुलाला प्रवेशाच्या खिडकीपर्यंत आणतं. पुढे तो वर्गात तोंड उघडतो का, विभागाच्या प्रकल्पात त्याचं नाव लागतं का, एखाद्या समितीत त्याचं म्हणणं कुणी लिहून घेतं का, हे सगळं बाकी राहतं.

कोकणाला हे बाहेरून कुणी शिकवायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव लिहून ठेवला. प्रत्यक्ष ओंजळीत पाणी घ्यायला मात्र २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि तेही डॉ. आंबेडकरांबरोबर हजारो माणसं तळ्यापर्यंत चालत गेली म्हणून. आपल्या कॉलेजांतल्या बऱ्याचशा समित्या आज १९२४ मध्येच थांबल्या आहेत. ठराव आहे, पाणी नाही.

जागा रिकाम्या असतील तर प्रश्न मिटत नाही, उलट वाढतो. आपल्या पंचक्रोशीतल्या कोणत्या वाडीतून बारावीनंतर एकही मूल येत नाही, हे हजेरीपटावरून काढता येतं. एकदा काढून बघा. मी काढलं तेव्हा तीन वाड्या निघाल्या आणि तिन्ही कॉलेजपासून दहा किलोमीटरच्या आत होत्या.

२. आमच्या कॉलेजात निर्णय नक्की कोण घेतं? प्राचार्य म्हणतात संस्था, संस्था म्हणते प्राचार्य.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याच्या कलम ९७ मध्ये महाविद्यालय विकास समिती सांगितली आहे. पूर्वी हिच्या जागी स्थानिक व्यवस्थापन समिती असे. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती हिची अध्यक्ष असते आणि प्राचार्य सदस्य-सचिव. पूर्णवेळ शिक्षकांनी आपल्यातून निवडलेले तीन शिक्षक हवेत, त्यांत किमान एक महिला. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी निवडलेला एक प्रतिनिधी हवा. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही सदस्य असतात. वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात. विकास आराखडा, अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम हे सगळं या टेबलावर यायचं असतं.

‘निवडलेले’ हा शब्द पुन्हा वाचा. बऱ्याच ठिकाणी ही नावं प्राचार्यांच्या केबिनमध्ये ठरतात आणि निवडून आल्याची नोंद होते. निवडणूक घ्यायला चिठ्ठ्या आणि एक डबा लागतो, दुसरं काही नाही.

३. आमची संस्था मुंबईच्या मंडळाची आहे. सगळे पदाधिकारी दादर-डोंबिवलीला. इथे विचारायचं कुणाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यात राग असतो. आधी एक गोष्ट कबूल करू. कोकणातली कितीतरी हायस्कुलं आणि कॉलेजं चाकरमान्यांनी उभी केली आहेत. खोलीत दहाजण राहून, गिरणीतल्या नि पोस्टातल्या पगारातून महिन्याची वर्गणी काढून गावाला शाळा दिली. ते ऋण खोटं नाही. पण ज्या गावासाठी संस्था काढली ते गाव चाळीस वर्षांत बदललं आणि मंडळाची बैठक अजून गणपतीत आणि मे महिन्यात, पदाधिकारी गावी आले की होते.

कायद्यात इथे एक चांगली फट आहे. कलम ९७ नुसार शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक सदस्य समितीत घ्यायचे असतात, त्यांतला किमान एक माजी विद्यार्थी. संस्था त्यांना प्राचार्यांशी विचारविनिमय करून नेमते. तेव्हा मुंबईतल्याच चार हितचिंतकांची नावं तिथे बसत नाहीत. गावातली मासे प्रक्रिया करणारी बाई, बचतगट चालवणारी, आंब्याची निर्यात करणारा माजी विद्यार्थी, तालुक्याच्या दवाखान्यातली निवृत्त परिचारिका अशी नावं लेखी सुचवा. पदाधिकारी वाईट नसतात, त्यांना गावात नवं कोण आहे हे माहीत नसतं. एका संस्थेत आम्ही नऊ नावांची यादी पाठवली, त्यातली दोन घेतली गेली. त्या दोघींनी मुलींच्या स्वच्छतागृहाचा सहा वर्षं अडलेला विषय पहिल्याच बैठकीत मार्गी लावला.

४. मी समितीवर शिक्षकेतर प्रतिनिधी आहे (किंवा विद्यार्थी परिषदेचा सचिव आहे). बैठकीत बसतो, पण बोलायची हिंमत होत नाही.

बोलायच्या आधी लिहा. बैठकीची सूचना हातात आल्यावर दोन ओळींचा विषय लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. विषय पत्रिकेत आला की बोलणं भाग पडतं, आणि आला नाही तर का नाही हे विचारता येतं. मागील बैठकीचं इतिवृत्त कायम करताना ‘माझं म्हणणं नोंदलेलं नाही’ एवढं एक वाक्य म्हणा. त्यासाठी वक्तृत्व लागत नाही.

अध्यक्षस्थानी बसणाऱ्यांसाठी: शिपाईदादांना आणि विद्यार्थ्यांना आधी बोलायला द्या. प्राचार्य आधी बोलले की पुढचे सगळे ‘सरांशी सहमत’ होतात.

५. पहिली एसटी पावणेआठला येते, लेक्चर साडेसातला. मुलीची हजेरी ७५ टक्के भरत नाही. काय करायचं?

हजेरीची अट विद्यापीठाची आहे, वेळापत्रक कॉलेजचं. मग बदलायचं काय, हे उघड आहे. प्रवेश झाल्यावर कोणत्या मार्गावरून किती मुलं येतात याची यादी करा आणि वेळापत्रक त्यानंतर लावा. तीच यादी घेऊन आगारप्रमुखांना भेटा. साठ पासधारक दाखवले की फेरी अर्धा तास अलीकडे-पलीकडे होते, तोंडी विनंतीने होत नाही. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याइतकंच भाडं भरायचं. तरीही घाटातल्या वाडीला फेरीच नसेल तर पास काय कामाचा?

आणि शेवटची एसटी चुकेल अशा वेळी स्नेहसंमेलनाच्या तालमी, वक्तृत्व मंडळ, विद्यार्थी परिषदेची बैठक ठेवू नका. शहरात राहणारीच मुलं पुढारी का होतात, याचं निम्मं उत्तर एसटीच्या वेळापत्रकात आहे.

६. आंब्याच्या हंगामात आणि होड्या सुटल्यावर मुलं गायब होतात. शिस्तीचा बडगा दाखवू नये का?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. १ ऑगस्टनंतर समुद्र शांत झाला की होड्या सुटतात, आणि नेमकं तेव्हाच पहिलं सत्र रंगात येतं. मार्च ते मे आंबा-काजू, आणि त्यातच परीक्षा. तो मुलगा सिनेमाला गेलेला नसतो, घरचा एक पगार वाचवत असतो.

प्रात्यक्षिकं आणि अंतर्गत चाचण्या अलीकडे, जून-जुलैत, ओढता येतात. चुकलेल्या चाचणीला दुसरी तारीख आधीच जाहीर करता येते. गणपतीसाठी आपण हे बिनबोभाट करतोच, मग तांडेलाच्या (होडीच्या म्होरक्याच्या) मुलासाठी करायला नियम आडवा येत नाही.

७. मुलं वर्गात गप्प बसतात. घरी मालवणी, संगमेश्वरी नाहीतर कोकणी मुसलमानांची बोली; इथे पुस्तकी मराठी आणि इंग्रजी. भाषा सुधारायची कशी?

आधी ‘सुधारायची’ हा शब्द सोडा. मूल बोलीत विचार करतं, तिथून त्याला प्रमाण मराठीकडे आणि इंग्रजीकडे चालत नेता येतं, बोली झटकायला लावून नेता येत नाही. मी पहिल्या सत्रात गटचर्चा बोलीत होऊ देत असे आणि मांडणी तेवढी मराठीत मागत असे. तीन-चार आठवड्यांत मागच्या बाकावरून हात वर यायला लागत. कला शाखेच्या बऱ्याच विषयांत उत्तरं मराठीत लिहिता येतात, हेसुद्धा कित्येक मुलांना कुणी सांगितलेलं नसतं.

८. फीसाठी काय आहे?

राज्य सरकारच्या बहुतेक योजना महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलवर आहेत. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरातल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झालं आहे, पण ते व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. बीए-बीकॉमला तेच लागू आहे असं समजून फसू नका. अर्ज भरायला सायबर कॅफेत पाठवू नका, कॉलेजच्या संगणक कक्षात दोन दुपारी मोकळ्या ठेवा.

९. कातकरी वाडीतली एक मुलगी बारावी झाली आहे. तिला कॉलेजात टिकवायचं तर काय लागेल?

कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. दुसरे दोन कोलाम आणि माडिया गोंड. रायगडात त्यांची वस्ती मोठी आहे, रत्नागिरीतही आहे. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे पूर्ण दुसरं सत्र हातचं जातं. घर बंद असतं, मुलगी आईवडिलांबरोबर भट्टीवर असते. वसतिगृहाची जागा दिवाळीच्या आधी मिळाली तर ती टिकते. नंतर मिळालेली जागा रिकामी राहते.

दुसरी अडचण कागदांची. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा राहण्याचा पुरावा मागतात. ज्यांच्या नावावर जमीन नाही आणि आजोबा शाळेत गेले नाहीत, त्यांनी तो आणायचा कुठून? जुन्या शाळेच्या रजिस्टरात चुलतआजोबांचं नाव सापडतं, जन्ममृत्यू नोंदीत सापडतं. ते शोधायला मुलीला एकटीला पाठवू नका, राष्ट्रीय सेवा योजनेच्या दोन मुलांना आणि एका लिपिकाला बरोबर द्या. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात दाखल्यांची शिबिरंही झाली, तेव्हा तालुक्याला विचारपूस करा.

यापलीकडे, तिला पहिल्याच आठवड्यात वर्गात ‘आदिवासी नृत्य करशील का’ असं विचारू नका. हे मी स्वतः ऐकलं आहे. ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

१०. मुलाच्या डोळ्यांचा त्रास ४० टक्क्यांपेक्षा कमी आहे. लेखनिक मिळेल का?

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट आहे, ती ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाला. लेखनिकाचं तसं नाही. ४० टक्क्यांची अट लेखनिकासाठी लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितलं. लिहिता येत नाही याचं वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन अर्ज करा. वाढीव वेळ तासाला किमान २० मिनिटं असतो. परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे, सत्राच्या सुरुवातीला अर्ज द्या. आणि त्याचा वर्ग तळमजल्यावर घ्या. याला कुणाची मंजुरी लागत नाही.

११. दुसऱ्या वर्षाला असताना मुलीचं लग्न झालं, आता बाळ आहे. ती परत येऊ शकते का?

येऊ शकते. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एक वर्ष पूर्ण करून थांबल्यास प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका मिळते. त्यासाठी उन्हाळ्यात चार श्रेयांकांचं (क्रेडिटचं) कौशल्याचं काम जास्तीचं करावं लागतं. तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी संपवायची. मिळवलेले श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात, तेव्हा खातं उघडलेलं आहे ना, हे ती जायच्या आधी बघा.

दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्याच माणसाने १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. त्या किनाऱ्यावरच्या कॉलेजात बाळंतीण मुलीला ‘आता कशाला शिकतेस’ असं खिडकीतून ऐकायला लागू नये. सासरच्यांशी बोलायला तिची शिक्षिका घरी गेली तर फरक पडतो. मी असं चार वेळा पाहिलं, तीन मुलींनी पदवी घेतली.

१२. आमच्या कॉलेजात शे-दोनशे मुलं, शिक्षक सात. इतर कॉलेजांशी सहकार्य म्हणजे नुसते सामंजस्य करार ना?

फाइलीतले करार मोजून काही होत नाही. मालवणकडची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, बघा. किनाऱ्यावर दोर ओढायला जो उभा राहतो त्याला वाटा मिळतो, आणि वाटे आधी ठरलेले असतात. कॉलेजांनी एकत्र येताना नेमकं हेच राहून जातं. मोठं कॉलेज यजमान होतं, छोटं कॉलेज मुलं भरून पाठवतं, श्रेय आणि मूल्यांकनातले गुण मोठ्याकडे जातात. पुढच्या वर्षी छोटं येत नाही.

म्हणून लहानापासून सुरू करा. तीन कॉलेजांत मिळून एक मानसशास्त्राचा शिक्षक, आठवड्याचे दोन-दोन दिवस वाटून. एकाकडे प्रयोगशाळा, दुसऱ्याकडे ग्रंथालय, तिसऱ्याकडे मैदान. ओळखपत्र तिन्हीकडे चालेल. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवरचे ऑनलाइन अभ्यासक्रम एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत घेता येतात, ते तिन्ही कॉलेजांची मुलं एका खोलीत बसून करू शकतात. खर्च, श्रेय आणि अहवालातलं नाव यांचे वाटे पहिल्या बैठकीतच लिहून काढा. ही बैठक दरवेळी मोठ्या कॉलेजात नको, आळीपाळीने घ्या.

१३. गावकऱ्यांना संशोधनात सामील करायचं म्हणजे प्रश्नावल्या भरून घ्यायच्या का?

नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची (कातळी पठारांवरची) कातळशिल्पं बघा. उक्षी, कशेळी, देवीहसोळ, बारसू इथली आणि सिंधुदुर्गातल्या कुडोपीची चित्रं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ती शोधणाऱ्यांत विद्यापीठातले प्राध्यापक पुढे नव्हते. स्थानिक हौशी अभ्यासक गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारत सडे पालथे घालत होते. गुराख्याला चित्र कुठे आहे हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

तीच गोष्ट समुद्राची. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. उधाण-भांगाचं (मोठ्या-लहान भरतीचं) गणित तोंडपाठ असलेला तांडेलही तिथून हाकेच्या अंतरावर आहे. त्याला व्याख्यानाला बोलावलं तर मानधन प्राध्यापकाइतकंच द्या, आणि अहवालात ‘स्थानिक मच्छीमार’ न लिहिता, त्याची परवानगी घेऊन, नावानिशी उल्लेख करा. निष्कर्ष छापून झाले की वाडीत जाऊन मराठीत सांगा.

१४. उघड कुणी काही बोलत नाही, पण आडनाव विचारतात, पाण्याची बाटली वेगळी ठेवतात, तोंडी परीक्षेत गुण कमी देतात. हे सिद्ध कसं करायचं?

तारीख, वेळ, कोण हजर होतं, कोणते शब्द वापरले, हे त्याच दिवशी वहीत लिहा. एक प्रसंग हवेत विरतो, सहा प्रसंगांची नोंद विरत नाही. भेदभावविरोधी अधिकारी आणि समान संधी कक्ष यांचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ सालीच केले. विद्यार्थी तक्रार निवारण समितीचे नियम २०२३ चे आहेत: समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा, तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. समितीत किमान एक महिला आणि एक अनुसूचित जाती, जमाती किंवा मागासवर्गातली व्यक्ती हवी. जातिवाचक अपमान झाला असेल तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने थेट पोलिसांत जाता येतं. आधी कॉलेजच्या समितीकडे गेलंच पाहिजे असं नाही.

रॅगिंगसाठी देशभरचा क्रमांक १८००-१८०-५५२२, तिथे नाव न सांगताही बोलता येतं.

१५. मला प्रभारी प्राचार्य केलं आहे. वयाने सगळ्यात लहान, त्यातून बाई. जुने सहकारी सह्यांपुरतं विचारतात. काय करू?

तुमच्यासारख्या बऱ्याच जणी लिहितात. कायमचे प्राचार्य नसल्याने प्रभारींवर वर्षानुवर्षं कारभार चालतो आणि अधिकार अर्धे, जबाबदारी पूर्ण अशी स्थिती होते.

माझी एक चूक सांगते. गुणवत्ता कक्षाचं काम आलं तेव्हा कुणाला त्रास नको म्हणून सगळे अहवाल मीच रात्री बसून लिहिले. तीन वर्षांनी कळलं, की कॉलेजात त्यातलं एक पानही कुणी वाचलं नव्हतं, आणि ते कुणाचंच नव्हतं. मग प्रत्येक प्रकरण दोघांना दिलं: एक ज्येष्ठ, एक नवा. दर्जा थोडा उतरला, पण स्टाफरूममध्ये त्यावर भांडणं व्हायला लागली. ती हवी होती.

तेव्हा काम वाटून द्या आणि ज्याला दिलं त्याचं नाव फलकावर लावा. ज्येष्ठांना सल्ला विचारा, पण लेखी. दर आठवड्याला एक तास दार उघडं ठेवा आणि शिपाई, ग्रंथालय परिचर, वसतिगृहाच्या मावशी यांना मुद्दाम आत बोलवा; कॉलेजात काय चाललंय हे त्यांना तुमच्याआधी ठाऊक असतं. समितीच्या चार बैठका (प्रश्न २) वेळेवर घ्या. इतिवृत्तावर तुमचा हात असेल तर प्रभारीपणा फारसा आड येत नाही.

१६. लैंगिक छळाची तक्रार करायची आहे. पण समितीतल्या मॅडम त्या सरांच्या नात्यातल्या, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते संस्थेचेच पदाधिकारी असले तर?

छोट्या गावात हे होतं. २०१३ चा कायदा आणि २०१५ चे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम दोन्ही लागू आहेत. अंतर्गत समितीत निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती लागतेच, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडलेले तीन विद्यार्थी बसतात. प्राचार्य, विभागप्रमुख असे वरिष्ठ पदाधिकारी तिचे सदस्य असू शकत नाहीत. नात्यातल्या सदस्याला या प्रकरणातून बाजूला ठेवा, असं तक्रारीच्या अर्जातच लिहा. कॉलेजात ज्येष्ठ महिला नसेल तर त्याच संस्थेच्या दुसऱ्या शाखेतून अध्यक्ष घेता येते.

तक्रार नोकरी देणाऱ्याविरुद्धच, म्हणजे कॉलेज ज्यांच्या हाती आहे त्यांच्याविरुद्ध असेल तर कॉलेजच्या समितीकडे जाऊच नका. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. तिची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयात मिळते. कायद्यातली ‘पीडित महिला’ तिथे नोकरीला असावीच असं नाही, त्यामुळे विद्यार्थिनीलाही हे दार उघडं आहे. मुदत घटनेपासून तीन महिने, कारण सांगितलं तर आणखी तीन. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर पोच घ्या आणि ती प्रत घरच्या कपाटात न ठेवता विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवा. बरोबर कुणी नसेल तर तुमची जुनी शिक्षिका येईल. तिला फोन करा.